दमयंतीचं प्रॅक्टिकल

तार आली तेव्हा दमयंती प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसून रविकांतला भिंगाचं गणित समजावत होती. रविकांत तिचा थोरला भाऊ. गेल्या साली तो फिजिक्समध्ये आपटला, म्हणून बेलापूरच्या यज्ञेश्वर मास्तरांची ही दोन्ही मुलं १९४४च्या मार्चमध्ये एकाच वेळी बी.एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेला बसली होती. लेखी पेपर झाले होते, प्रॅक्टिकल तेवढं राहिलं होतं. मुंबई विद्यापीठात तेव्हा फिजिक्स घेणाऱ्या मुली शोधाव्या लागत. त्यातली ही एक यंदा पहिली येणार, असं वर्गातली मुलंच म्हणायची. पहिल्या येणाऱ्याला फिजिक्सचे सर आपल्या हाताखाली संशोधनाला घेणार होते.

‘अण्णा अत्यवस्थ. निघा.’ वडिलांबद्दल एवढंच तारेत होतं.

दमयंती वाचताच उठून उभी राहिली. रविकांतनं मात्र तार शांतपणे घडी करून खिशात घातली.

“माझं प्रॅक्टिकल उद्या आहे, तुझं परवा. तू आजच्या गाडीनं हो पुढं. अण्णांना बघ आणि उद्याच्याच गाडीनं परत फिर. मी उद्याचं उरकून येतो.”

“आणि त्यांचं काही बरंवाईट झालं तर?”

“म्हणूनच म्हणतो, जा.”

ती अंगावरच्या साडीनिशी निघाली. मनमाडला गाडी बदलली तेव्हा फटफटत होतं. ज्या अण्णांनी तिला पितळी तांब्यात काठी बुडवून प्रकाश कसा वाकतो ते दाखवलं होतं, ते आता आपल्याला ओळखतील तरी का, हाच विचार रस्ताभर तिच्या डोक्यात होता. बेलापूर स्टेशनवर उतरली तर समोर छगनचा टांगा उभा.

“छगनदादा, लवकर चला. अण्णा कसे आहेत?”

“मास्तर? त्येनला काय झालंय?” छगननं लगाम ओढला. “काल बाजारात भेटल्ते की. वांगी घेत हुते. लई घासाघीस केली.”

दमयंती टांग्यात चढून बसली.

यज्ञेश्वर मास्तर ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. आई दारात आली, लेकीकडं पाहिलं आणि पाणी आणण्याच्या निमित्तानं आत गेली ती बाहेर आलीच नाही.

“ये,” अण्णा म्हणाले. “बस.”

“तुम्हाला काही झालेलं नाही.”

“नाही.”

“मग तार कुणी केली?”

“मी. रविकांतनं सुचवलं, पण तार मी केली. त्याच्यावर राग धरू नकोस.” सुपारीची खांडं त्यांनी नीट डबीत भरली. “बहीण पहिली आणि भाऊ तिच्या मागं! जन्मभर तोंड कुठं दाखवील तो? सरांकडं एकच जागा आहे. तू नसलीस तर त्याला आशा आहे. तुला काय, आज ना उद्या लग्नच करायचंय.”

“मला शिकवलंत कशाला मग?”

“तू इतकी पुढं जाशील असं वाटलं नव्हतं.”

ती उठली. टांगा अजून दारात होता. “छगनदादा, स्टेशनवर चला.”

“छगन,” अण्णा बसल्या जागेवरून म्हणाले, “थांब. मला यायचंय. ती चालत येईल.”

छगननं मान खाली घातली. दमयंती उन्हात चालत निघाली. निम्म्या वाटेवर टांगा तिच्या शेजारून धूळ उडवत गेला. मागच्या बाजूला अण्णा छत्री उघडून बसले होते. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, टांगा थांबवला नाही.

ती स्टेशनवर पोचली तेव्हा अण्णांभोवती माणसं जमली होती. मास्तरांना सगळे ओळखत. ते डोळे पुसत होते, खरोखरच पुसत होते.

“अति अभ्यासानं डोक्यावर परिणाम झालाय पोरीच्या,” ते सांगत होते. “बाप मेला म्हणून मुंबईहून पळत आली. आता परत जाते म्हणते. वाटेत गाडीखाली जीव देईल हो!”

“खोटं आहे!” दमयंती ओरडली. “माझी उद्या परीक्षा आहे! सोडा मला!”

जितकी ती ओरडली तितकी माणसं हळहळली. राहीबाई नावाच्या एका शेतकरी बाईनं तिला पोटाशी घट्ट धरलं आणि तिच्या तोंडावरून हात फिरवला. “गप गं माय. लई शिकू न्हाई बाईच्या जातीनं.” गाडी आली, उभी राहिली, सुटली. दमयंती त्या बाईच्या मिठीतून सुटली नाही. चौघांनी उचलून तिला टांग्यात घातलं.

निकाल लागला. रविकांत दुसऱ्या वर्गात पास झाला. सरांची जागा हुबळीकडच्या कुणा मुलाला मिळाली. तरी मास्तरांनी गावभर पेढे वाटले आणि मुलाचं नाव एम.एस्सी.ला घातलं. दमयंतीला पुन्हा परीक्षेला बसवायचा विषयच निघाला नाही. वेड्या मुलीला मुंबईला कोण धाडणार? लग्नाचंही तेच. दोन स्थळं वेशीतूनच परत गेली. ते कळलं तेव्हा अण्णांनी पहिल्यांदाच तिच्यासमोर मान खाली घातली, पण गावाला खरं काही सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात रविकांत पुस्तकं घेऊन घरी आला. त्याला काही उमगत नव्हतं.

“दमू, एवढं बघतेस?” तो भीत भीत म्हणाला. “मला तुझ्याशिवाय कोण आहे?”

“आण,” ती म्हणाली.

ओसरीवरच्या फळ्यावर त्यानं भिंग आणि काचेमधल्या प्रकाशाच्या कड्यांचं गणित मांडलं. परावर्तनात अर्ध्या तरंगाचा फरक पडतो, तो त्यानं धरलाच नव्हता. जिथं काळा ठिपका दिसायला हवा तिथं त्याच्या गणितात लख्ख उजेड येत होता. दमयंतीनं ते शेवटपर्यंत वाचलं.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “आता पुढचं कर.”

अण्णा झोपाळ्यावरून कौतुकानं बघत होते. सबंध उन्हाळा तिनं भावाला असं शिकवलं. त्याचं चुकलं तिथं शाबासकी दिली, बरोबर आलं तिथं शंका काढून तेही मोडायला लावलं. शिकवताना ती कधी चिडली नाही.

परीक्षेतून तो परत आला तो ट्रंकेसकट, कायमचा. तोंडी परीक्षेत त्याच्या उत्तरांना परीक्षक मोठ्यानं हसले होते. माजघराच्या कोपऱ्यात बसून तो लहान मुलासारखा रडत होता.

“तुला माहीत होतं ना, दमू? सगळं चुकतंय ते?”

“हो.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

दमयंतीनं त्याचं ताट वाढून त्याच्यासमोर ठेवलं. “जेव,” ती म्हणाली, आणि आईला भाकरी थापू लागायला चुलीकडं गेली.