छपराखालची गल्ली

संगणकाच्या खोलीच्या दारावर मुख्याध्यापकांनी फलक ठोकला होता: 'आजचा विद्यार्थी, उद्याचा नकाशातज्ज्ञ'. तो वाचला की नकाशेवाल्या बाईंना कसंनुसं होई. उमेदीची वर्षं त्यांनी उपग्रहाच्या फोटोवरून घरं गिरवण्यात घातली, डोळे घालवले. मग कंपनीने ते काम यंत्राला दिलं आणि बाईंना घरी पाठवलं. आता त्या कंत्राटावर पोरांना तेच शिकवत होत्या. पोट कुणाला चुकलंय?

शिकवत मात्र जीव ओतून. फोटो तिरका घेतलेला असतो, त्यामुळे उंच इमारत कललेली दिसते आणि तिचं छप्पर शेजारच्या गल्लीवर पडतं. नवशिका छप्परच गिरवतो आणि गल्ली गिळून टाकतो.

"छपराला भुलू नका," बाई घसा फोडून सांगत. "भिंत जमिनीला कुठे टेकते ते बघा. पायावरून काढा."

वर्गातल्या एका पोरीने, चष्मिशने, हे मनावर घेतलं होतं. दोन टोलेजंग इमारतींच्या मागे तिची गल्ली फोटोत जेमतेम सुताएवढी दिसत होती. ती पायी फिरून, पुन्हा पुन्हा खोडून तिने नकाशात बरोबर बसवली होती.

मुख्याध्यापक आले. "मॅडम, उद्या देणगीदार साहेब येतायत. आणि नकाशा एवढुसाच?"

"मुलं हाताने काढतात, सर. वेळ लागतो."

"ते आपोआप काढणारं बटण आहे ना? दाबा की! तुमच्या कंत्राटावर सही त्यांचीच लागते, एवढं ध्यानात ठेवा."

भांडायला अंगात त्राण लागतं. बाईंनी बटण दाबलं. बघता बघता पडदा लाल चौकोनांनी भरला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. चष्मिश तेवढी पडद्याला नाक लावून उभी.

"बाई, आमची गल्ली गेली! यानं नुसती छपरंच काढलीत."

"उद्याचा दिवस निघू दे गं. मग नीट करू."

दुसऱ्या दिवशी साहेब आले, नकाशा बघून खूश झाले. मुख्याध्यापकांनी हुशार पोरगी म्हणून चष्मिशला पुढे ढकललं.

"बाळ, तुझं घर कुठंय? दाखव बरं."

चष्मिशचं बोट हवेतच थांबलं. तिने बाईंकडे पाहिलं. बाई फरशीकडे बघत होत्या. मग पोरीने मुकाट्याने बोट एका टोलेजंग छपरावर टेकवलं. "इथे."

"अरे वा! मोठ्या घरची दिसतेस!" साहेब हसले. साहेब हसले म्हणून सगळे हसले.

कंत्राटावर सही झाली. "उगाच पोरांचा जीव काढत होतात," जाता जाता मुख्याध्यापक म्हणाले.

वर्ग रिकामा झाल्यावर बाई चष्मिशशेजारी खुर्ची ओढून बसल्या. "चल, तुझी गल्ली परत काढू."

पोरगी बटण दाबून पुढची वस्ती भरत होती. "कशाला बाई? त्यांना चालतंय की."

"अगं, तू राहतेस तिथे!"

"तुम्हाला पण चाललं ना." आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंनी निदान दटावलं तरी असतं.

बाईंनी तिच्या हातातून माउस घेतला, आपला चष्मा पुसला आणि छपराखालून गल्लीचं टोक शोधायला लागल्या. चष्मिश जराशी घुटमळली, मग दप्तर उचलून घरी गेली.