आळशी माणसाचं दुखणं

“ओरेस्ट, ते लोणच्याचं पाणी आहे रे, बिअर नव्हे!” कँटीनच्या खिडकीतून ॲग्नेस ओरडली.

ओरेस्ट हावरिलुकने बरणी तोंडापासून खाली घेतली. काकड्या तशाच होत्या, पाणी मात्र त्याने पार तळापर्यंत पिऊन टाकलं होतं. “नवी आणून देतो,” तो पुटपुटला.

“बरणीचं मरू दे. आरशात तोंड बघ आधी. गुपचूप मेक्सिकोला जाऊन आलास काय ऊन खायला? लेस्याला तरी न्यायचंस!”

टेबलांवरचे सगळे हसले. बाहेर नोव्हेंबरचा वारा आइस हॉकीच्या रिंकच्या पत्र्यांवर थडाथड आपटत होता आणि ओरेस्टचा चेहरा भर उन्हात कापणी केल्यासारखा रापलेला होता. उन्हाळ्यापासून तो गावाबाहेर पडला नव्हता. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या त्या लहानशा गावात रिंकचा बर्फ घालणं हेच त्याचं काम. बावीस हिवाळे त्याने ते केलं होतं.

तेवढ्यात मायरॉन आत आला. ओरेस्टचा मोठा भाऊ. ट्रॅक्टरच्या दुकानाचा मालक आणि रिंक कमिटीचा अध्यक्ष. त्याच्या मागे मुलांचे आईबाप घोळक्याने उभे होते.

“गोलपाशी बर्फाचा उंचवटा झालाय,” मायरॉन म्हणाला. “पाणी चालू ठेवून कुठे गेला होतास?”

“कुठे नाही. जरा टेकलो होतो.”

“टेकलो होतो! पोरं स्केट बांधून बसलीयत आणि हा टेकतोय!”

“मला उठवत नव्हतं, मायरॉन.”

“उठवत नव्हतं म्हणजे काय? उठायचं असलं की माणूस उठतो. बाबा सत्तरीतही पोती उचलत होते. तू आळशी झालायस, दुसरं काही नाही.”

ॲग्नेसने फडक्याने आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसला. ओरेस्टच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंडातून शब्द काढायलाही त्राण नव्हतं. तो खाली गेला आणि फावडं घेऊन तो उंचवटा खरवडू लागला. दर चार हातांनी त्याला कठड्याला धरून उभं राहावं लागत होतं, आणि काचेपलीकडून सगळे ते बघत होते.

त्याच्या बायकोने, लेस्याने, त्याला बळेच दवाखान्यात नेलं. गावच्या डॉक्टर प्रिचर्डनी रक्त तपासलं आणि खुशीत सांगितलं, “थायरॉइड मंदावलंय. रोज सकाळी उपाशीपोटी ही गोळी घ्या. दीड-दोन महिन्यांत घोड्यासारखे पळाल.”

घरी येताना ओरेस्ट पहिल्यांदाच जरा मोकळा हसला. दुखण्याला नाव होतं. त्याने मायरॉनला फोन करून सांगितलंही.

“थायरॉइड?” मायरॉन म्हणाला. “आमच्या शेजारणीला आहे. ती तर चर्चमध्ये नाचते.”

गोळी सुरू झाली आणि ओरेस्ट आणखी खचला. उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. सकाळी पोटात ढवळायचं, कपडे अंगावर लोंबू लागले. लेस्याने दवाखान्यात फोन केला तर उत्तर आलं, धीर धरा, डोस वाढवतो. डोस वाढवला. त्या आठवड्यात तो बर्फ घासायच्या गाडीवरून उतरला आणि तिच्याच चाकाला टेकून बसून राहिला. कमिटीची बैठक झाली. काम गॅरी नावाच्या निवृत्त प्लंबरला मिळालं. सांगायला मायरॉन स्वतः आला नाही, ॲग्नेसला पाठवलं. ती बिचारी दारातच रडली.

सहा जानेवारीला, त्यांच्या जुन्या युक्रेनी पंचांगाप्रमाणे नाताळच्या आदल्या संध्याकाळी, सगळं कुटुंब मायरॉनकडे जमलं होतं. मध आणि खसखस घातलेल्या गव्हाचा पहिला घास वाटला जात असताना ओरेस्ट खुर्चीवरून खाली आला. मायरॉनची बायको किंचाळली. मायरॉन म्हणाला, “काही खाल्लं नसेल दिवसभर,” आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तेच म्हणत राहिला.

विनिपेगच्या इस्पितळात ओकाफोर नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ओरेस्टचा तळहात उघडून दिव्याखाली धरला. हातावरच्या रेषा शाई भरल्यासारख्या काळ्या झाल्या होत्या. मग हिरड्या बघितल्या. त्याही काळपट.

“खारट खावंसं वाटतं?”

“बरण्याच्या बरण्या रिकाम्या करतो!” लेस्या म्हणाली.

रक्ताचे निकाल आल्यावर बाईंनी खुर्ची ओढून घेतली. “मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. ॲड्रिनल. तुमच्या जवळजवळ बंद पडल्यात. याला ॲडिसनचा आजार म्हणतात. कातडी रापते ती यानेच, खारट खावंसं वाटतं तेही यानेच. शरीर स्वतःच्याच ग्रंथींवर उलटलंय. थायरॉइडवर उलटलं, तसंच यांच्यावरही.”

“मग थायरॉइडची गोळी चुकीची होती?”

“गोळी बरोबर होती, क्रम चुकला. आधी ॲड्रिनलचं औषध द्यायला हवं होतं. तुमच्या अंगात जे थोडंफार उरलं होतं, तेही त्या गोळीने भराभर खर्चून टाकलं. आता दोन्ही औषधं जन्मभर. ताप आला तर ॲड्रिनलची गोळी दुप्पट. उलट्या होऊन गोळी पोटात राहिली नाही तर इंजेक्शन, आणि लगेच इस्पितळ. तिथे उशीर चालत नाही.”

ओरेस्ट छताकडे बघत राहिला. लेस्याला वाटलं, आता त्याला सुटल्यासारखं वाटत असेल. पण त्याने पलंगाचा लोखंडी दांडा धरला आणि त्याची बोटं पांढरी पडली.

“म्हणजे मी आळशी नव्हतो,” तो म्हणाला.

“नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही त्या अवस्थेत काम करत होता हेच नवल.”

औषधाने अंगात ताकद आली, आणि आधी वर आला तो संताप. इतके दिवस चिडायलाही जोर नव्हता, तो सगळा राग साठून राहिला होता. तो प्रिचर्डकडे गेला. डॉक्टर म्हणाले, “हे फार दुर्मीळ असतं हो, ओरेस्ट.”

“माझ्यासाठी नाही दुर्मीळ. माझ्या अंगात मी एकटाच राहतो.”

घरी तो लेस्यावरही ओरडला. तिनेच नाही का म्हटलं होतं, जरा फिरायला जात जा, तरतरी येईल? लेस्या स्वयंपाकघरात संत्र्यात सुई खुपसायचा सराव करत होती. तिने मान वर न करता म्हटलं, “म्हटलं होतं. चुकले. आता संत्र्याशी बोलू दे मला, ते तुझ्यापेक्षा शांत आहे.” त्याला हसू आलं, आणि हसू आलं म्हणूनही राग आला.

भाऊ मात्र फिरकला नाही.

तो आला फेब्रुवारीत, लसणाचं सॉसेज बगलेत मारून. त्या दिवसांत गावात पोटाची साथ होती. ओरेस्ट सकाळपासून ओकत होता, दोनदा घेतलेली गोळी दोनदा बाहेर आली होती. लेस्या वृद्धाश्रमात कामाला गेली होती. तिला फोन करून झाला होता, ती निघालीही होती, पण रस्त्यावर बर्फ साचला होता. इंजेक्शनची पिशवी घ्यायला तो उठला आणि फ्रिजपाशीच कोसळला.

“जमिनीवर काय बसलायस?” मायरॉन दारातून म्हणाला.

“वर... लाल पिशवी. काढ.”

“ॲम्ब्युलन्स बोलावतो.”

“बोलाव. पण आधी सुई.”

“मी? मला नाही जमणार, ओरेस्ट. मला रक्त बघवत नाही.”

“बाटलीचं टोपण दाब. हलव. सुईत ओढून घे. मांडीत मार.”

“पँट काढायची?”

“पँटवरूनच मार, गाढवा!”

ट्रॅक्टरचे बोल्ट पिळणाऱ्या मायरॉनच्या हातांना ते इवलंसं टोपण दाबायला दोन खेपा लागल्या. सुई एकदा खाली पडता पडता राहिली. त्याने डोळे अर्धे मिटून घेतले आणि मारली. मग भावाचं डोकं मांडीवर घेऊन तिथेच फरशीवर बसून राहिला.

ॲम्ब्युलन्सवाल्याने आत येताच विचारलं, “दारू घेतलीय का यांनी?”

“दारू कसली! आजारी आहे तो!” मायरॉन खेकसला.

“काय आजार आहे?”

मायरॉनने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने खाली ओरेस्टकडे पाहिलं. ओरेस्ट वर त्याच्याकडेच बघत होता. दुखणं सापडून महिना उलटला होता, आणि सख्ख्या भावाला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

“ॲडिसन,” ओरेस्ट म्हणाला. शब्द जिभेवरून ओढून काढावा लागला. “आणि थायरॉइड. दोन्ही लिहा.”

दुसऱ्या दिवशी इस्पितळात मायरॉन टोपी हातात फिरवत बसला होता. “तुलाच ठाऊक नव्हतं, तर मला कसं कळणार?”

“विचारता आलं असतं.”

मायरॉनने खिडकीबाहेर पाहिलं. “गॅरीचा बर्फ भुसभुशीत होतो. मुलं पडतात. परत ये. मी कमिटीला सांगतो.”

“काय सांगशील?”

“की तू आता बरा झालास.”

“मी बरा झालो नाही. हे मरेपर्यंत असंच राहणार. आणि तेव्हाही मी आळशी नव्हतो. ते सांग. कमिटीला नको. शनिवारी, कँटीनमध्ये, सगळ्या आईबापांसमोर. म्हणालास तिथेच.”

“जाऊ दे ना आता. काल सुई मारली ना मी?”

“मारलीस. ते विसरणार नाही. पण ते वेगळं.”

शनिवार आला. ॲग्नेसने फोनवर सांगितलं, मायरॉन आला होता, कॉफी प्यायला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि गेला. त्यानंतरच्या शनिवारीही तेच.

मार्चमध्ये हंगाम संपला. गावच्या रिंकचा बर्फ फोडून बाहेर टाकला गेला, तेव्हा ओरेस्ट तिथे नव्हता. ते काम बावीस वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्या कुणी केलं. तो घरामागच्या अंगणात लाकडं फोडत होता. मध्येच थांबायचा, ओंडक्यावर बसायचा, पुन्हा उठायचा.

ऑक्टोबरात त्याने शेजारच्या गावच्या रिंकचं काम घेतलं. अर्ध्या तासाच्या अंतरावर, जुनी, छत गळकं. पहिल्या दिवशी तो पाण्याचा पाइप खांद्यावर आणि घडीची खुर्ची काखेत घेऊन आत आला. खुर्ची त्याने काचेच्या अगदी समोर, सगळ्यांना दिसेल अशी मांडली. तिथल्या मॅनेजरबाईंनी विचारलं, “ही कशाला?”

“बसायला.”

त्याने थंडगार सिमेंटवर पाण्याचा पहिला पातळ फवारा मारला. तो गोठला, दुसरा मारला. मग पाणी बंद केलं, खुर्चीत बसला आणि पाय लांब पसरले. काचेपलीकडे चारदोन माणसं येऊन उभी राहिली. ओरेस्टने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. श्वास जागेवर यायला जेवढा वेळ लागला तेवढा घेतला, आणि मग तिसऱ्या थरासाठी उठला.