रबराच्या झाडाचा पाहुणचार

पहिल्या बाळंतपणाला पुण्याला निघताना सुनेनं शेवंताबाईंच्या ताब्यात दोन वस्तू दिल्या. एक रबराचं झाड आणि दुसरा वहीतून फाडलेला कागद.

झाड कुंडीतलं, कमरेइतकं उंच, जाडजूड तुकतुकीत चौदा पानांचं. दीड वर्षापूर्वी लग्नाच्या भांड्याकुंड्यांबरोबर नीलिमानं ते पुण्याहून जळगावच्या पिंप्राळ्यातल्या या घरी आणलं, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी, तोताराम आबांनी, चौकशी करून घेतली होती, की याला चपला कितव्या वर्षी लागतात. कागदावर चार ओळी होत्या. पानं ओल्या फडक्यानं पुसावीत. खिडकीजवळ ठेवावं, पण कडक ऊन नको. वरची माती कोरडी झाली की मगच पाणी घालावं. रोज झाडाशी दोन शब्द बोलावे.

रिक्षात बसता बसता नीलिमा हसून म्हणाली, "हे इथं तगलं ना आई, तर मीही तगेन."

बोलली ती गमतीनं. पण शेवंताबाईंनी तो शब्द पदरात गाठ मारून ठेवला. मगनचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, पुण्याला बदली मागणारा अर्ज टेबलाच्या खणात लिहून तयार होता. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कोणी तोंडातून काढत नव्हतं. झाड मेलं तर सून यायची नाही, सून आली नाही तर मुलगा जाणार, आणि नातवंडाचं तोंड फोटोत बघावं लागणार. शेवंताबाईंच्या लेखी सगळा संसार त्या कुंडीत लावलेला होता.

तसं पाहिलं तर रोपं वाढवण्यात त्यांचा हात धरणारं सबंध कॉलनीत कोणी नव्हतं. मागच्या ओट्यावर तेलाचे डबे आडवे कापून त्यात त्या भरताच्या वांग्याचं बी टाकायच्या. चाळलेलं शेणखत, मूठभर राख, बियांवर बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाही इतकी पातळ माती, आणि वरून ओलं गोणपाट. कोंब दिसला की गोणपाट काढायचं, माती पांढरी पडली की बोटांनी पाणी शिंपडायचं, आणि येता जाता रोपांना शिव्या घालायच्या. शिरपूरजवळच्या त्यांच्या गावी रीतच तशी होती. रोपं तरारून यायची.

पण ती झाली घरची रोपं. हे होतं पुण्याचं झाड.

पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचा आणि मग बोलायला तोंड उघडायचं, हे शेवंताबाईंच्या हाडात भिनलेलं. रोज बोला म्हटल्यावर रोज पाणी आलंच. कागदावरची तिसरी ओळ मगननं वाचून दाखवली तेव्हा त्यांना ती ओळच विचित्र वाटली. पाहुण्याच्या घशाला कोरड पडेपर्यंत थांबायचं, हे कुठलं वळण?

बोलण्याची पंचाईत वेगळी होती. शेवंताबाईंना शुद्ध मराठी येत नव्हतं असं नाही, पण ते पाव तासाच्या वर पुरत नसे. म्हणून तर दीड वर्षात सुनेशीही त्या जेवढ्यास तेवढंच बोलल्या. "जेवून घ्या", "बसा", "राहू द्या, मी घासते भांडी." सुनेला अहो-जाहो करणारी सासू पाहून शेजारच्या प्रमिलाबाई म्हणायच्या, की तुम्ही सून केलीय की कलेक्टरीण ठेवलीय?

झाडासमोर स्टूल घेऊन त्या बसल्या. "नमस्कार. बरे आहात ना? हवा बरी आहे." एवढं बोलून साठा संपला. पाणी घातलं. आठवड्यानं एक पान पिवळं पडून गळालं.

"पुनानं झाड शे," त्या आबांना हताश होऊन म्हणाल्या. "आपली बोली त्याले काय समजनार?"

आबांना ते तंतोतंत पटलं. त्यांनी रेडिओ झाडाजवळ नेला. जळगाव केंद्रावर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात बोली ऐकू येईल म्हणून पुणे केंद्र लावलं. ते नीट लागत नव्हतं. खरखरीतून अधूनमधून शुद्ध शब्द यायचे, आणि तेवढ्यावर झाडानं भागवावं अशी अपेक्षा होती. झाडानं दुसरं पान टाकलं.

मग बोलावणं गेलं चुडामण मास्तरांना. मास्तर सेवानिवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्यांचं ऐकून घेणारं एकही माणूस त्यांना मिळालं नव्हतं. ते धुतलेलं धोतर नेसून आले आणि झाडाला अग्रलेख वाचून दाखवू लागले. समोरचा श्रोता जांभई देत नाही, उठून जात नाही, याचं त्यांना केवढं अप्रूप. रोज सकाळी अग्रलेख, संध्याकाळी व्याकरण. मास्तरांना चहा मिळे, तेव्हा झाडाला उपाशी कसं ठेवायचं म्हणून आबा आपल्या बशीतला उरलेला घोट कुंडीत ओतत. प्रयोग आणि समास संपेपर्यंत झाडाची दहाच पानं राहिली. मास्तर म्हणाले की झाडाच्या मनावर परिणाम होतो आहे, हे चांगलं लक्षण आहे.

डिसेंबरात पुण्याहून पत्र आलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. खाली एक ओळ होती, झाड कसं आहे? मगननं परस्पर कळवून टाकलं, की झाड छान आहे, व्याकरण शिकतं आहे. नीलिमाला ती गंमत वाटली.

कळस झाला संक्रांतीला. हळदीकुंकवाला कॉलनीतल्या बावीस बायका आल्या. गोड बोलायचाच सण, तर प्रत्येकीनं आपापलं शुद्ध मराठी बाहेर काढलं. प्रमिलाबाईंनी कुंडीला कुंकू लावलं, मातीवर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या, संकोच करू नका." मागून येणारी प्रत्येक जण चुळकाभर पाणी घालत गेली. तिसऱ्या दिवशी बैठकीत आठ पानं पडलेली होती आणि तिळगुळाला मुंग्या लागल्या होत्या.

त्याच दिवशी दुसरं पत्र आलं. होळीच्या आधी येते.

आबांनी धीर सोडला नाही. त्यांनी गोधडी शिवायचा दोरा आणला आणि गळालेली पानं देठाला बांधायला बसले. सहा पानं बांधून झाली तेव्हा झाड सरकारी दवाखान्यातल्या रोग्यासारखं दिसू लागलं. आबा म्हणाले, दुरून काही कळत नाही. एवढ्यात एक बांधलेलं पान सुटून त्यांच्याच चहात पडलं.

शेवंताबाईंना आता संताप आला. अडीच महिने ज्याला अहो-जाहो केलं त्या झाडाचा बुंधा त्यांनी धरला आणि कुंडीसकट फरफटत मागच्या ओट्यावर नेलं. कुंडी उपडी केली. काळ्या चिखलाचा भपकारा आला. तो वास त्यांच्या ओळखीचा होता. नव्यानं संसाराला लागलेल्या पोरी वांग्याच्या रोपांना पाणी पाजून पाजून मारतात, तेव्हा डब्याला हाच वास येतो. आपण जन्मभर दुसऱ्यांना ज्याच्यासाठी हसलो तेच आपण केलं, हे त्यांना कळलं, आणि मग जी जीभ सुटली ती पाव तासावर थांबली नाही.

"आते एक थेंब बी देवाव नही तुले," त्या म्हणाल्या. "मरनं व्हई ते मर, जगनं व्हई ते जग. पाहुना व्हता तवलोंग बठ्ठा लाड कया. आते घरना शे तू." पाहुणा म्हणून झालेले सगळे लाड तिथं संपले.

कुजलेली मुळं विळ्यानं छाटली. नवी माती, वाळू आणि राख घालून कुंडी वांग्याच्या डब्यांच्या रांगेत, सावलीला ठेवली. दोरे सोडले. मास्तरांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांचे डोळे पाणावले. त्यानंतर माती पांढरी पडल्याशिवाय पाणी नाही, आणि शिव्या मात्र वांग्यांच्या बरोबरीनं.

फाल्गुनात एका सकाळी शेवंताबाई वांग्याची रोपं उपटून जुड्या बांधत होत्या. पाठ दाराकडे होती. तोंड रबराच्या झाडाकडे होतं आणि सुरू होतं. दोन पानं घेऊन महिनाभर बसला आहेस, लाज नाही, शेजारची वांगी बघ, अशा अर्थाचं, पण अर्थापेक्षा पुष्कळ जोरदार. तेवढ्यात त्यांना शेंड्याला करंगळीएवढं लाल टोक दिसलं. नवं पान गुंडाळून बसलेलं होतं. त्यांनी ते बोटानं हळूच चाचपलं आणि आणखी एक शिवी दिली.

मागे कोणी तरी हसलं. दारात नीलिमा उभी होती, खांद्यावर तीन महिन्यांची लेक. गाडी लवकर पोचली होती.

शेवंताबाई चपापल्या. हात पदराला पुसत त्या घाईनं शुद्धावर आल्या. "या. प्रवास सुखाचा झाला ना? बसा, पाणी आणते."

नीलिमा बसली नाही. ओट्यावर येऊन ती त्या दोन पानांकडे आणि लाल टोकाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, दीड वर्षात तुम्ही मला असं एकदाही बोलला नाहीत. मला वाटायचं, मी या घरात पाहुणीच आहे."

पाहुणीला शोभेलसं काही आठवतं का, हे शेवंताबाईंनी प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. पण नजर गेली ती सारवलेल्या ओट्यावर उमटलेल्या सँडलच्या टाचांवर, आणि मग नातीच्या उघड्या टाळूवर.

"चपला घाली सन काबर ऊनी व घरमा?" त्या कडाडल्या. "आनि पोरना डोकावर टोपडं काबर नही? दे अठे तिले."

नातीला त्यांनी जवळजवळ हिसकावूनच घेतलं. नीलिमा हसत होती आणि डोळेही पुसत होती. ती मुकाट्यानं पुढच्या दाराशी गेली, सँडल काढल्या, परत आत आली. मग स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी तिनं आपल्या हातानं घेतलं.