अकरा जणांची मेंबरशिप

रंजिताने कूपन भरलं ते निव्वळ वेळ घालवायला. लोअर परळच्या मॉलमध्ये मुलीच्या बुटांचं बिल व्हायला वेळ लागत होता. बाजूच्या टेबलावर बसलेल्या एका मुलीने तिच्या हातात पेन दिलं. नाव, फोन नंबर, घरात माणसं किती. रंजिताने अकरा लिहिलं आणि विसरून गेली.

आठवड्याभरात फोन आला. तिला बक्षीस लागलं होतं. दादरच्या एका हॉटेलात रविवारी सकाळी यायचं, हॉलिडे क्लबची माहिती ऐकायची आणि भेटवस्तू घेऊन घरी जायचं. एकदा मेंबर झालं की पंचवीस वर्षं दरवर्षी एक आठवडा कुठल्या ना कुठल्या रिसॉर्टमध्ये राहायला मिळणार होतं. घरातली माणसं अकरा, हे वाचून फोनवरची बाई फारच खूश झाली होती. मोठ्या कुटुंबांसाठीच ही योजना आहे, सगळ्यांना घेऊन या, असं तिने बजावून सांगितलं.

रंजिताचं सासर वरळी कोळीवाड्यातलं. सासरे महादेव आणि त्यांचा धाकटा भाऊ रामजी यांची मिळून एक बोट. रामजीने लग्न केलं नाही. भावाचा संसार तोच आपला, असं मानून तो राहिला. सासू रखमा लालबागच्या बाजारात मासळी विकायला बसायची. रंजिताचा नवरा मितेश एका कंपनीत अकाउंट्स बघायचा आणि ती स्वतः परळच्या एका हॉस्पिटलात बिलिंगच्या काउंटरवर होती. दीर शिवा बोटीवर जायचा, त्याची बायको सुचित्रा घर सांभाळायची. दोन्ही जावांना दोन-दोन मुलं. घराच्या खालच्या मजल्यावर स्वयंपाकघर, महादेव, रखमा आणि रामजी झोपायचे ती पुढची खोली आणि मागे जाळी ठेवायची खोली. वर माळ्यावर एकच लांबलचक खोली. तिच्या एका बाजूला मितेश-रंजिता आणि मुलं, दुसऱ्या बाजूला शिवा-सुचित्रा आणि त्यांची मुलं. मध्ये पडदा. पडदा चांगला जाड होता, पण शेवटी पडदाच. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी रंजिता नवऱ्याशी काही खास बोलायचं असलं की बस स्टॉपवर बोलायची.

रविवारी सगळे गेले. हॉटेलच्या हॉलमध्ये चार-चार खुर्च्यांची टेबलं मांडलेली होती. ह्यांच्यासाठी तीन टेबलं जोडावी लागली. पुष्कर नावाचा एक तरुण माहिती द्यायला आला. बोलायला गोड होता आणि मुलांना त्याने आधी केक मागवून दिला, त्यामुळे रखमाचं त्याच्याबद्दल मत चांगलं झालं. त्याने विचारलं, गेल्या पाच वर्षांत फॅमिली म्हणून कुठे कुठे फिरलात? सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग रखमाने सांगितलं, कार्ल्याला. दर चैत्रात एकवीरेच्या जत्रेला, वाड्यातल्या बाकीच्या घरांबरोबर बस करून. आणखी कुठे, असं त्याने विचारलं. आणखी कुठे नाही.

तुम्हाला सुट्टी कधी असते, हा त्याचा पुढचा प्रश्न. मितेशने समजावून सांगितलं. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, बोट किनाऱ्याला असते. तेवढ्यातच घर मोकळं होतं. पण जूनच्या मध्याला शाळा उघडतात. म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा, बस. पुष्करचा चेहरा खुलला. मे महिन्यात आणि दिवाळीत खोल्यांसाठी लोकांची मारामारी असते, जूनमध्ये रिसॉर्ट रिकामी असतात, दरही उतरतात. तुमच्यासारख्या फॅमिलीला ही मेंबरशिप सगळ्यात जास्त फायद्याची, असं तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. रंजिताला तर ते लगेच पटलं. तिच्या डोळ्यांपुढे सुरुवातीला भिंतीवर दाखवलेल्या फिल्ममधली ती खोली होती, पांढऱ्या चादरींची, बाहेर झाडं असलेली, आणि मुख्य म्हणजे बंद दाराची.

अडलं ते फॉर्मपाशी. मेंबरशिप एकाच्या नावावर. त्याचं कुटुंब म्हणजे त्याची बायको, अठरा वर्षांखालची मुलं आणि आईवडील. मितेशच्या नावाने घेतली तर भाऊ, भावजय, पुतणे आणि काका हे सगळे पाहुणे ठरत होते. पाहुण्यांचे पैसे वेगळे. शिवा म्हणाला, मग आम्ही आमची वेगळी घेऊ, आणि सुचित्राने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो गप्प बसला. उरला रामजी. त्याची बायको नाही, मुलं नाहीत. तो कुठल्याच फॉर्ममध्ये बसेना.

"काका गेस्ट म्हणून कधीही येऊ शकतात, सर," पुष्कर म्हणाला.

"म्हंजे मी पावना झालो," रामजी म्हणाला आणि हसला.

महादेव हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, माल बघितल्याशिवाय आपण काही घेत नाही, आधी जागा दाखवा. पुष्करला असं सांगणारे लोक रोज भेटत असावेत. त्याने लोणावळ्याजवळच्या रिसॉर्टमध्ये दोन रात्रींचं आमंत्रण दिलं. एक खोली क्लबकडून, बाकीच्या दोन सवलतीने. आवडलं तर फॉर्म भरायचा, नाही तर नाही.

बंदी लागली, बोट किनाऱ्याला घेऊन ताडपत्रीने शाकारून झाली, आणि निघायच्या आदल्या दिवशी रामजी म्हणाला की मी येत नाही. जाळी दुरुस्तीला काढलीत, ती उघडी टाकून जाता येणार नाही. महादेवांनी आग्रह केला, रखमाने केला. रंजिता मात्र काही बोलली नाही. तो आला असता तर महादेव-रखमाच्या खोलीत सोफ्यावर झोपला असता. नाही आला तर तीन खोल्यांत तीन कुटुंबं अगदी नीट बसत होती. आपल्याला हिशेब सुटल्यासारखं वाटलं, हे तिच्या लक्षात आलं. ते तिला आवडलं नाही, पण तरीही ती गप्पच राहिली.

रिसॉर्ट चांगलं होतं. फिल्ममध्ये दाखवलं होतं त्याहून थोडं जुनं, पण चांगलं. तिन्ही खोल्या मात्र तीन वेगवेगळ्या इमारतींत निघाल्या. एकत्र मिळणार नाहीत का, असं मितेशने विचारलं तेव्हा काउंटरवरच्या मुलाने सांगितलं की जूनमध्ये डागडुजी चालू असते, प्रत्येक इमारतीत मोजक्याच खोल्या उघड्या आहेत. आपापल्या चाव्या घेऊन सगळे आपापल्या वाटेने गेले. रंजिताने आत गेल्यावर दाराला कडी लावली. मग काढली, आणि पुन्हा लावली. मितेश बघत होता.

त्या रात्री मुलं झोपल्यावर दोघं बाल्कनीत बसली. सुरुवातीला काय बोलावं हेच सुचेना. इतकी वर्षं सगळं घाईत, हळू आवाजात बोलायची सवय, आणि इथे घाई नव्हती. मग मितेशने ऑफिसातली एक गोष्ट सांगितली. वर्षभर त्याचं साहेबाशी बिनसलेलं होतं, हे रंजिताला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आधी का नाही सांगितलं, असं तिने विचारलं. कुठे सांगणार, असं तो म्हणाला.

सकाळी नाश्त्याला शिवा आणि सुचित्रा उशिरा आले. सुचित्राने केस मोकळे सोडले होते आणि ती काही कारण नसताना हसत होती. महादेव आणि रखमा मात्र आलेच नाहीत. तब्येत बिघडली की काय म्हणून रंजिता बघायला गेली. रखमाने दार थोडंसंच उघडलं. डोक्यावर पदर नव्हता, हातात चहाचा कप होता. मागे महादेव खिडकीशी पाय लांब करून बसले होते. आम्ही खोलीतच चहा केला, तुम्ही खा, असं म्हणून रखमाने दार लावून घेतलं. रंजिता क्षणभर तिथेच उभी राहिली. सासूने आपल्या तोंडावर दार लावलं याचा राग यायला हवा होता. तो आला नाही.

दहा माणसं त्या दोन दिवसांत एकत्र अशी फक्त जेवायला बसली. तेव्हाही महादेव मध्येच थांबून रामजी जेवला असेल का, असं विचारायचे. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी फोन केला तर रामजीने उचलला नाही. मग परत केला, तरी नाही. त्यानंतर महादेवांचं लक्ष लागेना. परतीच्या गाडीत रंजिताच्या डोक्यात नको नको ते येत राहिलं. म्हातारा माणूस घरात एकटा, आणि आपण त्याला एका शब्दाने चल म्हटलं नाही.

घरी पोचले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि आत चिंबोऱ्यांच्या रश्श्याचा वास भरला होता. पुढच्या खोलीत रामजी आडवा होऊन रेडिओ ऐकत होता. खोलीच्या मधोमध, हातपाय पसरून. त्याने आदल्या रात्री दोन दोस्तांना जेवायला बोलावलं होतं. पत्ते खेळले, गाणी म्हटली. फोन कुठे होता ते त्याला ठाऊक नव्हतं.

"आलात पण?" तो उठून बसत म्हणाला. "दोनच रात्री? बाय, तुझी ती मेंबरशिप घेऊन टाका. दरसाल जा. आठवडाभर जा. मना काय नको, मी घर सांभाळतो."

तो खरंच मनापासून सांगत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला ते घर एकट्याला मिळालं होतं. रंजिताने वाटभर मनात रचलेलं सगळं गळून पडलं, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन रस्सा गरम करू लागली.

जेवणं झाल्यावर महादेवांनी विषय काढला. एकेकाला विचारलं. शिवा म्हणाला, जागा छान आहे पण पंचवीस वर्षं म्हणजे फार. तोवर ही पोरं मोठी होतील आणि फॉर्मनुसार पाहुणी होतील. सुचित्रा म्हणाली, तुम्ही ठरवाल ते. मितेश घ्यायच्या बाजूचा होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. आपण आपल्या मनाने कधीच कुठे जाणार नाही. दर वर्षी जाळी असतील, लग्नं असतील, कुणाचं तरी आजारपण असेल. आधी पैसे भरलेले असले तरच आपण घराबाहेर पडू.

महादेवांनी रंजिताकडे बघितलं. कूपन तिने भरलं होतं, आणि तिला हे किती हवंय ते घरात सगळ्यांना माहीत होतं. ती हो म्हणणार असंच सगळे धरून होते. तीही तसंच म्हणायचं ठरवून बसली होती.

"मला तिथली झाडं आवडली, पोहायचा तलाव आवडला," ती म्हणाली. "पण बाबा, खरं सांगू का? मला दार आवडलं. कडी लावून झोपता आलं ते. तेवढ्यासाठी लोणावळ्यापर्यंत कशाला जायचं?"

सासऱ्यांसमोर हे असं बोलल्यावर तिचे कान तापले. मितेश जमिनीकडे बघत होता. वर मुलं भांडत होती.

"मला पण दार पायजे," रखमा म्हणाली. तिने ते उद्याची भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हटलं. महादेव तिच्याकडे बघत राहिले. मग एवढंच म्हणाले की जाळ्यांची खोली मोठी आहे.

जाळी घराबाहेर ठेवायची नाहीत, हा महादेवांच्या वडिलांपासूनचा नियम होता. जाळी म्हणजे घरातलं माणूस. पण मच्छीमार सोसायटीच्या गोदामात जागा होती, आणि त्या जून-जुलैत हातात वेळही होता. रामजी आणि शिवाने खोली रिकामी केली, धुतली, चुना मारला. खारट वास काही पूर्ण गेला नाही. ती खोली मितेश-रंजिताला मिळेल असं रंजिताने मनात धरलं होतं. रखमाने एक दिवस सरळ आपली ट्रंक तिथे नेऊन ठेवली. कुणाला विचारलं नाही. पुढची खोली रामजीची झाली. माळ्यावर पडदा काढून प्लायवूडची भिंत घातली आणि दोन्हीकडच्या खोल्यांना एकेक दार बसवलं. भिंतीतून शिवाच्या धाकट्याचं रडणं पूर्वीइतकंच ऐकू यायचं, पण कडी लागायची.

पुष्करचे त्या महिन्यात बरेच फोन आले. रंजिताने त्याला नाही म्हणून सांगितलं. तो चिडला नाही. कारण तेवढं सांगा मॅडम, मला लिहावं लागतं, असं म्हणाला. कुटुंब मोठं आहे म्हणून, असं तिने सांगितलं. मोठ्या कुटुंबांनाच तर जास्त फायदा होतो, असं तो म्हणाला आणि सगळं पहिल्यापासून सांगू लागला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. बोलणं त्याचं चुकीचं नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये घरातलं कुणीही कुठे गेलं नाही. जाळी होती, सुचित्राच्या भावाचं लग्न होतं, आणि मग शाळा उघडल्या. मितेश एकदा म्हणाला, मी म्हटलं होतं की नाही. रंजिताने मान्य केलं. त्यानंतरच्या वर्षी मात्र महादेव आणि रखमा, कुणाला फारसं न सांगता, दोन रात्रींसाठी कार्ल्याच्या बाजूला जाऊन आले. कुठे उतरलात म्हणून सुनांनी विचारलं, तेव्हा रखमाने पिशवीतली चिक्की काढून मुलांना वाटली आणि बाजाराला जायला उशीर होतोय म्हणाली.