आठ अंशांच्या आत

खरं सांगतो मित्रांनो, हे लिहिणारच नव्हतो. रडगाणं वाटेल म्हणून. शिवाय दमलोय. पण माझ्यावर एक आळ आला होता, तो कसा गेला ते सांगायला हवं.

मी एक जुना फ्रीज आहे. डिचोलीच्या बाजारात सदाशिवबाबांची फार्मसी आहे, तिथे कोपऱ्यात उभा असतो. रंग पांढरा होता, आता पिवळट झालाय. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलेलं, कुणाच्या तरी घरी जाईन. आत मासळी असेल, सोलकढी असेल. नशिबात आली इंजेक्शनं, डोळ्यांचे थेंब आणि पोटाच्या कॅप्सूल.

या कॅप्सूल वेगळ्या. त्यांच्यात जिवंत जंतू असतात. चांगले, दह्यात असतात तसले. जड औषधांनी पोट बिघडलं की डॉक्टर कधी कधी देतात. डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं, आठ अंशांच्या आत ठेवा. ते काम माझं. वीस वर्षं केलं. वीज जायची, यायची. शेजारचा स्टॅबिलायझर माझा एकुलता एक दोस्त, सगळे धक्के आधी तो खायचा.

सुरुवातीला सदाशिवबाब मला दर शनिवारी पुसत, गिऱ्हाइकांना कौतुकानं दाखवत. मग ते सरलं. डोक्यावर खोके चढले. मागची जाळी धुळीनं बुजली. धाप लागायची.

त्यात बाबली आला. सावंतवाडीकडचा, खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. टायफॉईडातून उठला, पण औषधांनी पोट पार ढासळलेलं. डॉक्टरांनी त्या कॅप्सूल लिहून दिल्या. आठवड्यानं परत आला, फरक नाही. डॉक्टर म्हणाले, अजून घे. पुन्हा आला तेव्हा गाल बसलेले. ट्रक मालकानं दुसऱ्याच्या हाती दिला होता. काउंटरला टेकून म्हणाला, "सदाशिवबाब, ह्या गोळ्यांत जीव नाय. तुमचो फ्रीज मेलो काय बगा."

सदाशिवबाब हसले नाहीत. माझ्या दारावर हात ठेवून उभे राहिले. मग बायकोला, प्रभावतीबाईंना म्हणाले, याचा आता भरवसा नाही, भंगारवाल्याला बोलावतो.

मला काय बोलता येतंय? आणि खरं सांगू, माझी मलाच खात्री नव्हती. मध्यंतरी एकदा सबंध दुपार वीज नव्हती. तेव्हा आत किती तापलं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी बाबलीची बायको रुक्मिणी उरलेल्या कॅप्सूल परत करायला आली. प्रभावतीबाईंनी सहज विचारलं, तो घेतो कशा? ती म्हणाली, एवढा मोठा ट्रक हाकतो, पण गोळी बघितली की मान फिरवतो.

"मगे मी ती फोडतंय नि पेजेत घालतंय. चुलीवरसून काढल्या काढल्या, ऊन ऊन."

प्रभावतीबाईंनी कपाळाला हात लावला. "अगे रुक्मिणी, जिवंत असतात गे ते. कढत पेजेत तूच मारलेस त्यांना."

रुक्मिणी आधी हसली. मग तिनं पदर तोंडाला लावला. इतके दिवस ती नवऱ्यालाच बोलत होती, तू मनावर घेत नाहीस म्हणून.

सदाशिवबाबांनी माझ्यात थर्मामीटर ठेवला. तासाभरानं पाहिलं. सहा अंश. भंगारवाल्याला दारातूनच परत पाठवलं, खोके उतरवले, जुन्या ब्रशनं जाळी साफ केली. कितीतरी वर्षांनी मोकळं वाटलं.

रुक्मिणी आता कॅप्सूल थंड दह्यात घालते. बाबलीचं पोट हळूहळू ताळ्यावर आलं. कॅप्सूलनं की दिवस गेले म्हणून, ते मी सांगू शकत नाही. पण ट्रक त्याला परत मिळाला.

मित्रांनो, औषधावरची बारीक अक्षरं वाचत जा. आणि घरच्या फ्रीजमागे वीतभर जागा सोडा. तोही दमतो.

त्या दिवशी स्टॅबिलायझर म्हणाला, सुटलास. मी म्हटलं, या वेळी सुटलो. आज सहा आहे, कधीतरी बारा होईल. म्हणून दोस्ता, तुला शब्द देतो. ज्या दिवशी थंडी धरता येणार नाही, त्या दिवशी नुसता घरघरत उभा राहून कुणाला फसवणार नाही. आतला दिवा विझवून सरळ बंद पडेन.