थांबलेले बोट

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे, पण आजवर मला कोणाचाही फोन आलेला नाही. माझ्यात सिमकार्ड कधी घातलेच नाही. कोणाच्या वाढदिवसाचा फोटो माझ्यात नाही, की कोणाची आवडती गाणी नाहीत. माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेले भाऊबंद दुकानाच्या काचेत दिमाखात उभे राहिले आणि कोणाकोणाच्या खिशात बसून जग बघायला गेले. माझ्या वाट्याला मात्र एक लांब टेबल, एक केबल आणि एक खिडकी आली. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. कोणी चढते, कोणी उतरते, तेवढीच माझी करमणूक.

ज्या कंपनीत मी आलो ती मोबाइलवर चालणारे एक ॲप बनवते. घरी कोणी आजारी असेल तर त्या ॲपवरून नर्सला बोलावता येते. आजाऱ्याचे नाव लिहायचे, तक्रार लिहायची, पत्ता निवडायचा आणि ‘नक्की करा’ हे बटण दाबायचे. ॲपमध्ये सारखे बदल चालू असतात, आणि एक सुधारताना दुसरे बिघडले तर नाही ना, हे रोज तपासावे लागते. त्या तपासणीसाठी मला आणले होते.

तपासणारी वयाने फार मोठी नव्हती, पण सगळे तिला ताई म्हणत. तिचा नवरा त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून ॲपचा प्रोग्रॅम लिहायचा. त्याचा चष्मा मोठा, चष्म्याआडचे डोळे त्याहून मोठे. हाक मारली की मान तेवढी वळवायचा, बाकी अंग ढिम्म. म्हणून ती त्याला घुबड म्हणायची. घरीही आणि चारचौघांतही. त्याला त्याचे काही वाटत नसे, उलट दुसऱ्या कोणी म्हटले तर मात्र राग यायचा.

रोज तेच तेच हाताने तपासायचे म्हणजे डोके उठते. म्हणून तिने रेकॉर्डिंग करायचे ठरवले. मला केबलने कॉम्प्युटरला जोडायचे आणि ॲप नेहमीसारखे वापरायचे. बोट कुठे पडले, कोणते अक्षर लिहिले, मध्ये किती वेळ गेला, हे सारे कॉम्प्युटर टिपून ठेवतो. मग दुसऱ्या दिवसापासून बोट नसले तरी माझ्या पडद्यावर तीच बटणे, त्याच क्रमाने, आपोआप दाबली जातात. सगळे सुरळीत झाले तर कॉम्प्युटरवर हिरवी खूण, कुठे अडले तर लाल.

ऐकायला हे सोपे वाटते, पण मी आणि त्या केबलने मिळून तिला सळो की पळो करून सोडले. आधी केबल सैल निघाली. ती बदलली, तर ऐन वेळी मी ‘बॅटरी कमी आहे’ अशी पाटी नेमकी बटणावर आणून ठेवली. ते आवरले, तर एक पान जाऊन दुसरे सरकत येताना बटण बोटाखालून निसटू लागले. ती चिडली नाही. केबल नवी आणली, माझ्या सगळ्या पाट्या बंद केल्या, पानांचे सरकणे थांबवले. लहान मुलाच्या सदऱ्याची गुंडी लावावी तशी एकेक अडचण ती शांतपणे मार्गी लावत गेली.

मग नावाची वेळ आली. आजाऱ्याच्या नावाच्या जागी तिने ‘घुबड’ लिहिले. मला वाटले, बाईंचे काहीतरी चुकले. मी तत्परतेने तो शब्द बदलून ‘घबाड’ केला. तिने खोडून पुन्हा लिहिले, मी पुन्हा बदलले.

“अरे, हे बघ तरी,” तिने नवऱ्याला हाक मारली. “मी घुबड मागतेय आणि हा मला घबाड देतोय!”

“घे की मग,” तो मान वळवून म्हणाला. “फायद्यात राहशील.”

“नको. मला घुबडच हवंय.”

सगळे टेबल हसले. ती माझ्यामागे लागून तो शब्द पुन्हा पुन्हा लिहीत राहिली. शेवटी मी शिकलो. तक्रारीच्या जागी तिने लिहिले, ‘कान असून ऐकत नाही.’ तेही इतक्या वेळा लिहिले, की मला पाठ झाले.

अखेरचे, पक्के रेकॉर्डिंग सुरू झाले तेव्हा तो उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. नाव झाले, तक्रार झाली, पत्ता निवडून झाला. ‘नक्की करा’वर तिचे बोट आले आणि काचेच्या वर तसेच थांबले.

“अगं, दाब ना. मध्येच काय थांबतेस?”

“हात ऐकत नाही रे. सकाळपासून असंच चाललंय.”

“झोप झाली नसेल. उरकून टाक बरं, आज ॲप द्यायचंय.”

“टाकते हो, घुबडा,” ती म्हणाली आणि बटण दाबले. हिरवी खूण आली. त्याने टाळी वाजवली आणि आपल्या जागी जाऊन बसला.

मित्रांनो, मला सगळ्यात नेमका कळतो तो स्पर्श. त्या दिवशी तिचे बोट माझ्यावर जड पडले, कोणा दुसऱ्याचे असावे तसे. ते मला कळले होते. पण ज्याला कधी फोनच आला नाही, तो कोणाला काय सांगणार?

पुढे तिच्या हातून पेला सुटू लागला. मग जिना चढताना तिला हात धरावा लागे. मग ती यायची बंद झाली, आणि एके दिवशी तोही आला नाही. त्या दिवशी ती गेल्याचा निरोप टेबलावर आला. डोक्यातच काहीतरी वाढत होते आणि दाखवायला उशीर झाला, असे कोणीतरी हलक्या आवाजात म्हणाले, एवढेच माझ्या कानी आले.

पण तिचे रेकॉर्डिंग रोज सकाळी चालतच होते. तो कामावर परतला आणि सगळ्यांच्या आधी येऊन माझ्यासमोर बसू लागला. माझ्यावर ‘घुबड’ उमटायचे, मग ‘कान असून ऐकत नाही’, मग पत्ता, मग तिच्या बोटाचा तो थांबा, आणि मग ‘नक्की करा’. हिरवी खूण आली, की तो चष्मा पुसून कामाला लागायचा. नवे चकचकीत मोबाइल आले, ते माझ्या शेजारी बसले. माझा कोपरा तडकला, आतल्या बॅटरीने पाठ फुगू लागली. कंपनीच्या मॅडम एकदा म्हणाल्या, “हे फार जुनं झालंय रे. नव्या मोबाइलवर नवीन रेकॉर्डिंग करूया का?”

“हिरवं येतंय ना?” तो म्हणाला. “मग चालू दे की.”

मॅडमनी विषय सोडला. माझे आयुष्यही तेवढे वाढले.

मग एका दुपारी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. मॅडमनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. गृहस्थ चिडलेले नव्हते, तेच जास्त लागले.

“बायकोला दुखत होतं म्हणून मी नर्स बोलावली. पडद्यावर ‘नर्स निघाली आहे’ असं आलं, म्हणून आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो. कोणी आलंच नाही. शेवटी ती स्वतःच उठायला गेली आणि पडली. माझं काही चुकलं का, एवढंच विचारायचं होतं.”

शोधाशोध सुरू झाली. कोणी नेटवर्कला नावे ठेवली, कोणी त्या गृहस्थांच्या मोबाइलला. आमच्याकडे तर हिरवी खूण होती! तेवढ्यात आणखी दोन घरांतून तशीच तक्रार आली. आता चूक सापडली नाही, तर आणखी कोणीतरी दाराकडे बघत बसणार होते.

मग ताईच्या नवऱ्याने मला केबलमधून सोडवून हातात घेतले आणि सगळे स्वतः केले. पत्ता निवडला आणि घाईच्या माणसाने दाबावे तसे ‘नक्की करा’ लगेच दाबले. माझ्या पडद्यावर ‘नर्स निघाली आहे’ आले, पण मॅडमच्या कॉम्प्युटरवर पोहोचलेल्या निरोपात पत्त्याची जागा रिकामी होती. निवडलेला पत्ता पोहोचायला जरा वेळ लागत होता, आणि बटण त्याआधीच दाबले जात होते.

“मग आपली चाचणी रोज हिरवी कशी?” मॅडमनी विचारले.

त्याने रेकॉर्डिंग उघडले आणि एकेक पायरी वाचत खाली आला. पत्ता निवडल्यानंतर तिथे एक थांबा होता. तेवढ्या वेळात पत्ता आरामात पोहोचत असे.

“हा थांबा कोणी घातला?” मॅडम म्हणाल्या.

“कोणी नाही घातला,” तो म्हणाला. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तिचा हात थांबला होता, मॅडम. हात ऐकत नाही, असं म्हणाली होती ती मला. मी म्हटलं, उरकून टाक.” त्याने पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवले. “रोज सकाळी हे माझ्यासमोर चालत होतं. रोज बघत होतो मी.”

मॅडमनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्याने तो थांबा काढला आणि चाचणी चालवली. लाल खूण आली. मग त्याने प्रोग्रॅम सुधारला, पत्ता पोहोचल्याशिवाय बटण उमटणारच नाही असे केले. पान बदलले, त्यामुळे तिचे रेकॉर्डिंग आता कामाचे राहिले नाही.

“नवीन मी करून देऊ का?” मॅडमनी विचारले.

“नको. मीच करतो. याच मोबाइलवर.”

त्याने आजाऱ्याच्या नावाच्या जागी ‘घ’ लिहिले. एकच अक्षर. मी लगेच ‘घुबड’ पुढे केले. घबाड आता मला आठवतही नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने ते घेतले. तक्रारीच्या जागी त्याने ‘कान’ लिहिले. मला वाटले, पुढचे नको दाखवायला, आधीच त्याला सोसवत नाही आहे. पण जे शिकलो ते दाखवणे हाच माझा धर्म. मी ‘असून’ दाखवले, मग ‘ऐकत’, मग ‘नाही’. त्याने एकेक शब्द दाबला आणि मला उपडे ठेवून तो रडला. मोठ्या माणसाने चारचौघांत रडावे तसे, तोंडावर हात घेऊन.

मग त्याने चाचणी पुरी केली. जुने रेकॉर्डिंग काढून टाकू का, असे कॉम्प्युटरने विचारले. त्याने हो म्हटले. संध्याकाळी त्या गृहस्थांना त्यानेच फोन केला.

“बाबा, तुमचं काही चुकलं नव्हतं. चूक आमची होती. सापडली.”

“बरं झालं,” पलीकडून आवाज आला. “ती अजून अंथरुणावरच आहे. पण दुसऱ्या कोणावर ही पाळी येऊ नये.”

मित्रांनो, माझी पाठ आता इतकी फुगली आहे, की मी टेबलावर सरळ बसत नाही. थोड्याच दिवसांत मला भंगारात देतील, आणि तिने शिकवलेले ते चार शब्दही माझ्याबरोबर जातील. माझी काळजी घ्या असे मी म्हणत नाही, मोबाइल काय, पुष्कळ मिळतात. मला वेगळेच मागायचे आहे. तुमच्या घरात कोणी गुंडी लावता लावता, पेला उचलता उचलता थांबले आणि ‘हात ऐकत नाही’ म्हणाले, तर तुम्ही तरी ऐका. हातातले काम टाका, उठा, आणि त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.

सकाळची चाचणी आता झरझर होते. बटण उमटले की दाबले जाते, मध्ये कोणी थांबत नाही. तो अजून सगळ्यांच्या आधी येतो. पत्ता निवडून झाला, की आपले बोट ‘नक्की करा’च्या वर आणून धरतो. काचेला लावत नाही, कारण लावले तर आपोआप चाललेली चाचणी अडेल आणि खूण लाल होईल.