बावन्न सेकंदांचा शोध

मित्रांनो, संगणकाच्या पडद्यावर उजव्या हाताला, अगदी वरच्या कोपऱ्यात, बोटभर लांबीची एक पांढरी पट्टी असते. तिच्या टोकाला इवलंसं भिंग काढलेलं असतं. ती मी. शोधपट्टी म्हणा, सर्च म्हणा, चौदा वर्षांत मला नावाने कुणी हाक मारलेली नाही, त्यामुळे माझा कसलाच आग्रह नाही. मी आता जुनी झाले आहे आणि आज दुपारी मला पुसून टाकणार आहेत. शेजारच्या खोलीत मंडळी जेवायला बसली आहेत. त्यांचं जेवण होईपर्यंत मला वेळ आहे, तेवढ्यात माझी कहाणी सांगून घेते.

माझा जन्म एका मोठ्या कचेरीत झाला. तिथे ओळीने टेबलं होती आणि प्रत्येक टेबलापाशी कुणीतरी चहा गार होऊ देत बसलेलं असे. मला घडवणारी बाई चष्मा डोक्यावर ठेवायची आणि तोच चष्मा सगळीकडे शोधत फिरायची. अशा बाईने मला शोधायला शिकवलं, हे माझं नशीब! पण शिकवलं मात्र जीव ओतून. "हे बघ," ती पडद्याशी पुटपुटायची, "माणसं नावं विसरतात. विसरणारच. तू नावावर अडून बसायचं नाही. कधीची फाईल ते सांगितलं तर तारखेवरून काढून द्यायची. केवढी ते सांगितलं तर आकारावरून. गाणं आहे, फोटो आहे की पत्र, त्यावरूनसुद्धा." शब्द अवतरणचिन्हांत घातला तर जसाच्या तसा शोधायचा, शब्दाआधी वजाचं चिन्ह दिलं तर तो वगळायचा, मधली अक्षरं आठवत नसतील तिथे नुसती एक चांदणी टाकली तरी समजून घ्यायचं, हे सगळं मला येतं. पत्राच्या पोटातला एक शब्द सांगा, पत्र काढून देते. बढाई वाटेल, पण खरंच देते.

मग एक दिवस साहेब आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढी बटणं? लोक घाबरतील हो! पडदा कसा मोकळा दिसला पाहिजे. हे सगळं आत टाका." टाकलं. माझे सगळे गुण माझ्याच पोटात गेले आणि वर उरली कोरी पट्टी. मदतीच्या पानावर सगळं लिहून ठेवलंय म्हणे. ते पान कुणी उघडल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

तिथून मी या घरात आले. घरात माणसं तीन. काका बसस्थानकावर घोषणा करायचे. कुठली गाडी, कुठल्या फलाटावर, किती वाजता, हे त्यांच्या आवाजात ऐकल्याशिवाय प्रवासी जागचे हलत नसत. काकू घरी पडदे शिवायच्या आणि दुपारी लोकांच्या खिडक्यांची मापं घ्यायला जायच्या. तिसरा त्यांचा मुलगा, तेव्हा शाळेत होता.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलाचा हरवलेला प्रकल्प मी शोधून दिला, तेव्हा तो खुर्चीवर उभा राहून ओरडला, "बाबा, आपला कॉम्प्युटर भारी आहे!" घ्या! राबले मी आणि नाव झालं खोक्याचं. दुसऱ्या एका दिवशी काकूंनी माझ्यात नुसतं "फोटो" असं लिहिलं. मी इमानदारीने चार हजार दोनशे बारा फोटो पुढे ठेवले. काकू करवादल्या, "मेलीला एक साधा फोटो सापडत नाही!" अहो, पण कधीचा, कुणाचा, काही सांगाल की नाही? मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही आणि मला काय काय विचारता येतं तेच कुणाला ठाऊक नाही. ही माझी जन्माची अडचण.

मुलगा शिकून दूरच्या शहरात नोकरीला गेला आणि माझ्याकडे येणंजाणंच थांबलं. महिने महिने कुणी एक अक्षर लिहीत नसे. आपण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो आणि कुणालाच आपली गरज नसते, असे ते दिवस होते. वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू?

मग काकांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. म्हणजे आवाज कायमचा जाणार. ज्या माणसाचा आवाज हीच भाकरी, त्याचा आवाज! काकू आपल्या बहिणीशी, म्हणजे मुलाच्या मावशींशी, फोनवर बोलताना रडल्या. काका मात्र नेहमीसारखे गप्प. स्थानकावर दिवसभर बोलून आल्यावर घरात ते "हं" आणि "बरं" यावरच भागवायचे. बोलायचं खातं काकूंकडे होतं. त्या एकदा सुरू झाल्या की काका हसून म्हणायचे, "लागला आमचा रेडिओ."

दवाखान्यात जायच्या सकाळी काकू आत पिशवी भरत होत्या. काका हळूच माझ्यासमोर येऊन बसले. आवाज नोंदवायचा प्रोग्रॅम उघडला आणि दार लोटून घेऊन ते बोलले. काय बोलले ते मी तेव्हाच ऐकलं होतं. शेवटी काकूंनी बाहेरून टॅक्सी आल्याची हाक मारली, काका घाईने उठले, नाव विचारणारी चौकट आली तिच्यावर नुसतं बटण दाबलं आणि गेले. प्रोग्रॅमने स्वतःच नाव ठेवलं, "नवीन ध्वनी ७", आणि ती फाईल कुठल्यातरी सातव्या कप्प्यात नेऊन टाकली.

काका घरी आले ते गळ्याला भोक आणि हातात पाटी घेऊन. जे सांगायचं ते पाटीवर लिहायचं. काकूंनी पहिले काही दिवस दोघांच्या वाटचं बोलून पाहिलं. पण समोरून "हं" सुद्धा येईना, तशा त्याही मिटत गेल्या. एकदा मावशींना म्हणाल्या, "घरात माणूस आहे गं, पण हाकेला ओ नाही. भिंतीशी किती बोलायचं?" शिवणयंत्राचा तेवढा आवाज राहिला. आठ महिने ते घर असं होतं.

आणि रोज दुपारी, काकू मापं घ्यायला गेल्या की काका माझ्याकडे यायचे. इतक्या वर्षांनी माझ्याकडे कुणीतरी रोज येत होतं, आणि त्याला हवं ते मला देता येत नव्हतं! ते लिहायचे, "निरोप". लिहायचे, "माझा आवाज". लिहायचे, "रेडिओ". या नावांची फाईलच नव्हती. मग मला जे एकच उत्तर शिकवलंय ते मी द्यायची, "काहीही सापडलं नाही." काका, तारीख विचारा! आवाजाची फाईल आहे असं तरी सांगा! मी आतल्या आत ओरडायची. एकदा त्यांनी पाटीवर "गाढव" असं लिहून ती पाटी माझ्यासमोर धरली. रागावले तेही बरोबरच. काकूंना त्यांनी यातलं काहीच कळू दिलं नव्हतं. हरवलेल्या गोष्टीची आशा कशाला लावायची, असं त्यांचं असणार.

गेल्या आठवड्यात मुलाचा फोन आला. "आई, नवीन मशीन पाठवलंय. रविवारी दुरुस्तीवाल्या ताई येतील, जोडून देतील. जुनं सगळं पुसून वाचनालयाला देऊन टाकू. बाबांना म्हणावं, महत्त्वाचं तेवढं बाजूला काढून ठेवा." काकांनी पाटीवर मोठ्या अक्षरांत "नको" लिहिलं. काकूंनी ते वाचून दाखवलं, तर मुलगा हसला, "बाबांचं आपलं काहीतरीच." शनिवारपर्यंत काका माझ्यासमोरून उठले नाहीत. फाईल सापडली नाही तर माझ्याबरोबर तीही पुसली जाणार, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

आज सकाळी दुरुस्तीवाली आली. खांद्याला पिशवी, खिशात पेचकस, तोंडाचा पट्टा चालू. "चला काकू, पाच मिनिटांत पुसते." तिने हात पुढे केला आणि काकांनी दोन्ही पंजे पसरून कळफलक झाकला.

"अहो, सोडा की!" काकू म्हणाल्या. "लहान आहात का? बघा हो, हे असे हट्टी."

दुरुस्तीवाली मात्र थांबली. स्टूल ओढून काकांच्या शेजारी बसली. "काका, काही हरवलंय का यात?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. मग पाटी घेतली. "बोललो होतो. हिच्यासाठी. नाव दिलं नाही."

काकूंच्या गळ्यात मापाची फीत होती. ती दोन्ही हातांनी धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. "माझ्यासाठी? कधी?"

"नाव गेलं खड्ड्यात," दुरुस्तीवाली म्हणाली. "कधीचं आहे ते सांगा." काकांनी झटकन तारीख लिहिली. मग ती माझ्याकडे वळली आणि मित्रांनो, तिने माझ्यात लिहिलं, प्रकार आवाज, तारीख अमुक. चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या भाषेत विचारत होतं! मला इतका आनंद झाला की काय सांगू. धावत गेले. आणि तिलाही मला तेच उत्तर द्यावं लागलं. त्या तारखेला एकही आवाज नव्हता.

काकांचा चेहरा मला बघवेना. दुरुस्तीवालीने पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं आणि जीभ चावली. "अरे देवा, याची आतली बॅटरी केव्हाच मेलीय. हे घड्याळ मनाला येईल ती तारीख लावतंय. तारखेचा उपयोग नाही." ती थोडा वेळ पेचकस गुडघ्यावर आपटत बसली. "काका, किती वेळ बोलला होतात?"

हे कुणाला विचारलं? दोन गाड्यांच्या मधल्या फटीत घोषणा बसवण्यात ज्याची उभी हयात गेली, त्याला! काकांनी एक बोट वर केलं, म्हणजे थांबा. डोळे मिटले. आणि ओठांनी, आवाजाशिवाय, ते सगळं पुन्हा बोलले. दुरुस्तीवालीने मोबाईलवर सेकंद लावले. काकू आधी म्हणाल्या, "हे काय आता?" पण मग काकांच्या हलणाऱ्या ओठांकडे त्या नजर न हलवता पाहत होत्या.

"त्रेपन्न," दुरुस्तीवाली म्हणाली.

काकांनी पाटीवर लिहिलं, "बावन्न. बटण उशिरा दाबलंत."

तिने माझ्यात लिहिलं, प्रकार आवाज, लांबी पन्नास सेकंदांच्या वर आणि एका मिनिटाच्या आत. मी निघाले. सव्वादोन लाख फायली. मुलाची गाणी चार-चार मिनिटांची, ती सोडली. फोनच्या घंट्या दहा सेकंदांच्या, त्या सोडल्या. दोन फायली उरल्या. एकीत मुलगा लहानपणी पाढे म्हणत होता. दुसरी बरोबर बावन्न सेकंदांची होती. दुरुस्तीवालीने ती लावली.

आधी घसा खाकरल्याचा आवाज. मग स्थानकावरचा तो खणखणीत आवाज, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे." मग काका स्वतःच हसले. "नाही जमत गं मला असं. समोर बसून तर नाहीच जमणार. हे बघ, मी उद्यापासून गप्प. तसा मी आधीही काय मोठा बोलत होतो म्हणा. पण मी तुझं सगळं ऐकायचो बरं का. पडद्यांचं, गिऱ्हाइकांचं, तुझ्या बहिणीचं, सगळं. स्थानकावरून घरी यायचो ते त्यासाठीच. म्हणून सांगतो, मी गप्प झालो म्हणून तू गप्प होऊ नकोस. रेडिओ चालू ठेव. आणि..." तेवढ्यात लांबून काकूंची हाक, "अहो, टॅक्सी आली! येताय ना?" आणि काकांचं उत्तर, "आलो गं, आलो."

संपलं. दुरुस्तीवालीने उठून दिलेल्या स्टुलावर काकू बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडल्या. "आठ महिने," त्या म्हणाल्या, "आठ महिने मी या माणसाशी धड बोलले नाही हो!" काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. जरा वेळाने काकूंनी नाक पुसलं. "शेवटचं तेवढं पुन्हा लावा." दुरुस्तीवालीने लावलं. "पुन्हा." पाच वेळा लावलं. मग तिने ते सगळं बोलणं काकांच्या मोबाईलमध्ये आणि नव्या मशीनमध्ये घातलं. शेवटचे तीन शब्द वेगळे काढून मोबाईलवर एका बटणाला बांधून दिले. काकांनी त्या फाईलला नाव दिलं ते तब्बल दीड ओळीचं!

घटकाभराने काकूंनी आतून हाक मारली, "अहो, ताटं वाढलीत, या!" काका माझ्यासमोरच बसले होते. त्यांनी मोबाईलचं बटण दाबलं. "आलो गं, आलो," घरभर ऐकू गेलं. आत पळी खाली पडली. आणि काकू हसत-रडत बोलायला लागल्या.

उठण्याआधी काकांनी माझ्यात एक शब्द लिहिला, "शाबास." मी तो इमानदारीने सगळीकडे शोधला. दुसरं मला येतं काय? त्या नावाचं कुठेच काही नव्हतं. माझं उत्तर वाचून काकांचे खांदे हसून आवाजाशिवाय हलले, आणि ते जेवायला गेले.

तर मित्रांनो, ठेवताना वस्तूला नाव द्या, दोन शब्दांचं का होईना. आणि नाव विसरलंच तर हात टेकू नका. कधीचं, केवढं, कशाचं, जे आठवत असेल ते विचारा. कोपऱ्यात गप्प बसलेल्याला काय काय येतं, ते विचारल्याशिवाय कळत नाही. माझ्या जागी उद्या वाचनालयात नवी पट्टी येईल. तिला एवढं जपा.

दुरुस्तीवालीने हात धुतले वाटतं. पेचकस खिशात घालत ती इकडे येते आहे. आत काकू काकांना कुठल्याशा गिऱ्हाइकाचं सांगतायत, खिडकी केवढी, पडदा केवढा, आणि बाई म्हणते कशी. थांबायचं नाव नाही.